रांगेतली शेवटची जागा

यॉर्गन्सनांच्या घरात माणूस म्हातारा झाला हे वाढदिवसावरून कळत नाही, रांगेतल्या जागेवरून कळतं. वाळवंटात पायी निघालं की सगळ्यात सावकाश चालणारा सगळ्यात पुढे, आणि त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. सगळ्यात मागे तो, ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. मेंढ्यांच्या वाटेवर दहा वर्षांच्या नील्सला विसरून बाकीचे पुढे गेले आणि तो दोन दिवसांनी जुनिपरच्या झाडाखाली, थंडीनं पायाची तीन बोटं गमावून सापडला, ती हकिगत या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या थोरल्या भावानं, अँडर्सनं, त्या दिवशी हा नियम घातला आणि नव्वद वर्षांत तो कोणी मोडला नाही. नील्स मरेपर्यंत पुढे चालला, सात बोटांवर, आणि त्यावरून त्याला कोणी कधी चिडवलं नाही. एरवी या घराण्यात चिडवायला कोणाला निमित्त लागत नाही.

अँडर्सनंतर शेवटची जागा त्याच्या मुलाकडे, व्हर्लकडे आली. गेली एकेचाळीस वर्षं ती त्याचीच आहे. मागच्या माणसाची कामं ठरलेली. उघड्या खडकावर पाऊल उमटत नाही, म्हणून वाट कळावी यासाठी जागोजागी दगडावर दगड चढवून उतरंडी रचलेल्या असतात. एक गाठायची, तिथून दुसरी शोधायची. त्यातली एखादी ढासळलेली दिसली तर मागच्या माणसानं तिच्यावर दगड परत चढवायचा. आणि प्रत्येक विसाव्यानंतर, निघण्याआधी, मागून हाक द्यायची, "सगळे आहेत." पुढच्यानं उत्तर द्यायचं, "मग चला." तोवर पाऊल उचलायचं नाही.

दर एप्रिलला सगळं घर वाळवंटात पायी फिरायला निघतं. यंदाच्या फेरीत कॅपिटल रीफच्या दऱ्यांतले दोन दिवस झाले होते आणि बुधवारी संध्याकाळी पिकअप नीडल्सच्या सुळक्यांजवळच्या तळावर येऊन लागली होती. पिकअप सबंध रस्ता नेड्रानं, म्हणजे व्हर्लच्या बायकोनं चालवली. एफ्राइमपासून, म्हणजे गावातल्या घरापासून, थेट इथपर्यंत. व्हर्ल चौतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवर माती सपाट करायचं यंत्र चालवत होता, दोन बोटांचा चढ त्याला नुसत्या नजरेनं कळायचा, आणि तो शेजारी बसून खिडकीबाहेर बघत आला. खांदा भरून आलाय म्हणाला. ते कोणालाच खटकलं नाही. एका ब्रिन्लीला सोडून.

ब्रिन्ली ही त्यांची नात, नुकतं पंधरावं लागलेली. काही पोरांना पानं गोळा करायचा नाद असतो, हिला न जुळणाऱ्या गोष्टी गोळा करायचा होता. आजीच्या गुडघ्यावरची पट्टी मंगळवारी डाव्या पायाला होती आणि बुधवारी उजव्या पायाला. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हापासून तिला धड जेवण जात नव्हतं. दुःखानं नव्हे. कोणाला तरी विचारावंसं वाटत होतं आणि कोणाला विचारावं ते कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता तिचा मामा रुलन पिकअपच्या मागे उभा राहून कॉफी पीत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, डेन्व्हरमध्ये स्वतःची कचेरी, हाताखाली तीस माणसं, आणि आईच्या नजरेआड चोरून कॉफी. त्यांच्या चर्चमध्ये कॉफी चालत नाही आणि नेड्राच्या घरात तिनं कधी पाऊल टाकलेलं नाही. वास मात्र पिकअपला वळसा घालून थेट चुलीपर्यंत पोचत होता. नेड्रा तिथं निवांत पॅनकेक उलटत होती, जसं काही तिला नाकच नव्हतं.

ब्रिन्लीची आई कॉलीन भावाला शोधत तिथं आली. ती त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, एफ्राइमच्या शाळेत मुख्याध्यापिका, आणि शाळेबाहेरही मुख्याध्यापिकाच. अँडर्सचं कुरण विकायचं ठरलं तेव्हापासून दोघांचं फाटलं होतं. चार वर्षं ती एकमेकांशी बोलत होती ती आईमार्फत. पण या फेरीत एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं आणि त्या एकमताचं दोघांनाही मनातून अप्रूप वाटत होतं. ती गोष्ट म्हणजे आईचा गुडघा.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात नेड्राचा गुडघा धरला आणि ती रांगेत पुढे आली. तेव्हापासून रांग गोगलगाय झाली. ड्रुइड आर्च नावाची ती मोठी दगडी कमान, जिथं व्हर्लनं लग्नानंतर आठव्या दिवशी नेड्राला नेलं होतं आणि पुढे दोन्ही पोरांना खांद्यावरून, ती दोन वर्षं कोणाला दिसली नव्हती. गेल्या वर्षी तर कमानीखालच्या लोखंडी शिडीच्या पायथ्यावरून परत फिरावं लागलं. बाबा त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. ते बोलत नाहीत म्हणजे मनातून झुरताहेत, हे या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. खरं तर व्हर्ल लग्नाच्या आधीपासूनच बोलत नाही.

"आईला आज तळावरच ठेवू या," कॉलीन म्हणाली. "ब्रिन्ली थांबेल तिच्यापाशी. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, रुलन. अजून किती एप्रिल मिळणार त्यांना?"

रुलन म्हणाला, सांगणार कोण. कॉलीन म्हणाली, मी सांगते, तू फक्त मान हलव. आणि तोंडाला वास येतोय, दात घासून ये.

पिकअपच्या मागच्या फळीवर बुटाची नाडी बांधत बसलेल्या ब्रिन्लीनं हे सगळं ऐकलं. तिला विचारायची पद्धत नव्हतीच. पण तिला काही वाईट वाटलं नाही. दिवसभर आजी एकटी सापडली तर पट्टीचा उलगडा तरी होईल, असा तिचा हिशेब.

नेड्राला न्याहारीच्या वेळी हे सांगण्यात आलं तेव्हा तिच्या हातात सिरपची बाटली होती. ती तिनं हळूच खाली ठेवली.

तिचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती भिंतीसारख्या उभ्या खडकावर चढली असती आणि वरून सगळ्यांना हाका मारल्या असत्या. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत व्हर्लनं स्वतःच्या अंगणातून गाडी काढताना टपालपेटी पाडली आणि बर्फावर खापर फोडलं. त्या दिवशी बर्फ नव्हता. त्या आठवड्यात तो पेल्याशेजारी दूध ओतताना तिला दिसला. मग पंपाचा कसलासा भाग आणायचाय म्हणून शेजाऱ्याच्या गाडीतून प्रोव्होला, शहरात गेला आणि भाग न आणताच परत आला, आणि तीन दिवस कोठारात जाऊन बसला. नेड्रा समजायचं ते समजली, डोळ्यांचंही आणि शहरातल्या डॉक्टरचंही. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. आणि एकदा सांगितलं की शेवटची जागा त्याला सोडावी लागली असती, आणि ती सोडल्यावर व्हर्लजवळ स्वतःचं असं काय उरलं असतं हे तिला सांगता आलं नसतं. म्हणून तिनं औषधाच्या दुकानातून लवचिक पट्टी आणली. रांग सावकाश चालली की त्याला पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून चालता येत होतं. बायको लंगडतेय म्हणून रांग सावकाश, एवढंच लोकांना दिसत होतं. कोणता पाय लंगडतोय हे लक्षात ठेवायचं मात्र तिला जमेना.

आणि आता तिच्याच सोंगानं तिला खिंडीत गाठलं होतं. गुडघा दुखतोय म्हणावं तर ही पोरं तिला इथं सोडून व्हर्लला घेऊन पळणार. दुखत नाही म्हणावं तर रांग पळणार.

"आज बरा आहे गुडघा," ती म्हणाली. "मी येते."

रुलनला खरंच आनंद झाला. मग आई, तुला पुढे राहायची गरज नाही, तू दुसरी चल, कॉलीन पुढे राहील. नेड्रा म्हणाली, मी चौथी चालते, बाबांच्या पुढे. कॉलीन म्हणाली, तिथं ब्रिन्ली असते, तिला मागे बाबांजवळ ठेवलेलं बरं, नाहीतर ती दगड बघत वाट सोडते. नेड्रानं नवऱ्याकडे पाहिलं.

व्हर्ल खुर्चीत बसून पॅनकेक खात होता, चवीनं खातोय असं दाखवत. त्यानं प्रत्येक शब्द ऐकला होता. त्याच्या जगाच्या मधोमध तळहाताएवढा करडा डाग होता आणि जिकडे बघावं तिकडे तो डाग आधी जाऊन बसे. काठाला सगळं शाबूत होतं, आकाश, तंबू, चुलीचा धूर. बायकोचा चेहरा त्यानं वर्षभरात पाहिला नव्हता. त्या डागातून तिचा आवाज यायचा, तेवढ्यावर तो चालवून घेत होता. तिचा गुडघा दुखतो म्हणून रांग सावकाश चालते, आणि सावकाश चालते म्हणून आपलं निभतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गेली दोन वर्षं तो बायकोच्या दुखऱ्या गुडघ्याचे मनातल्या मनात आभार मानत होता आणि रात्री प्रार्थनेत त्याबद्दल क्षमाही मागत होता. आता बोलायची वेळ होती. मी येत नाही, एवढे तीन शब्द पुरले असते.

"येऊ दे नेड्राला," तो म्हणाला, आणि ताटली चाचपून बाजूला ठेवली.

पिकअप उभी केली त्या एलिफंट हिलपासून वाट चढते, खडकातल्या एका अरुंद फटीतून अंग चोरून जाते आणि मग उघड्यावर येते. कॉलीन शाळेची घंटा झाल्यासारखी सुटली. मधूनच मागे वळून, काळ्या खरखरीत मातीवर कोणी पाय देऊ नका, तिच्यात बारीक जीव असतात, ती जिवंत असते, असं बजावत होती, जसं काही बाकीचे काल परदेशातून आले होते. तिच्यामागे नेड्रा मुद्दाम पाय ओढत होती. पण दुसऱ्या जागेवर पाय ओढून फक्त अंतर पडतं, पुढचा काही थांबत नाही. शेवटी रुलनच मागून म्हणाला, आई, दुखत असेल तर सांग, मी सॅक घेतो. तिला निमूटपणे पाय उचलावा लागला.

पहिल्या विसाव्याला व्हर्लनं मागून हाक दिली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

तिथून पुढे रांग ताणली जाऊ लागली. ब्रिन्ली चौथी, तिच्यामागे आजोबा. ती कान मागे लावून चालत होती. मंगळवारी कॅपिटल रीफमध्ये तिनं पाहिलं होतं की आजोबा वाटेत थांबले, एक चपटा दगड उचलला आणि नेहमीच्या काळजीनं उतरंडीवर ठेवला. ती उतरंड नव्हती. जुनिपरचं मेलेलं खोड होतं. दगड घरंगळून पडला, आजोबांनी तो पडताना ऐकला, आणि इकडेतिकडे बघून पुढे निघाले. आणखी एक गोष्ट होती. आजोबा हल्ली तिच्याशी बोलताना तिच्या डाव्या कानाकडे बघत.

आता तिला एक करून बघावंसं वाटलं. वाट सरळ होती, समोर काही नव्हतं. तिनं उगीचच पाय उंच उचलला आणि नसलेला दगड ओलांडला. मागे आजोबांच्या बुटाचा आवाज एक क्षण थांबला आणि मग जड पडला. त्यांनीही तो नसलेला दगड ओलांडला होता.

पण एकदा झालेली गोष्ट योगायोग असू शकते, असं शास्त्राच्या बाईंनी शिकवलं होतं. म्हणून तिनं पुन्हा करून पाहिलं. उतरंड डावीकडे स्पष्ट दिसत होती आणि पुढचे तिघे तिकडेच वळून दिसेनासे झाले होते. ब्रिन्ली उजवीकडे वळली. आठ पावलं, दहा पावलं. खडक जरासा उतरता होता. बाराव्या पावलाला तिला दिसलं की पुढे खडकच नाही. खाली तीस हात खोल, वाळू आणि एक वाळकं झुडूप.

ती थांबली. आजोबा थांबले नाहीत. ते तिच्या लाल सॅकवर येऊन आदळले. तिनं दोन्ही टाचा रोवल्या, पाठीनं त्यांना मागे रेटलं आणि मिळेल ती बाही धरून खाली बसली. तिच्याबरोबर तेही बसले. ब्रिन्लीला रडू फुटलं. असा प्रयोग आपण केलाच कसा याची तिला किळस आली.

"कडा आहे का पुढे?" व्हर्लनं विचारलं.

"हो. मीच आणलं तुम्हाला. मला बघायचं होतं की तुम्हाला दिसतं का."

"कळलं मग?"

तिनं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती तोंडानं हो म्हणाली.

तो रागावला नाही. उलट पाठीवरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसा सैल होऊन बसला. म्हणाला, मधोमध दिसत नाही, काठाला दिसतं. तुझी सॅक लाल आहे म्हणून बरं. तुझा कान दिसतो, नाक नाही.

"मी पंधरा दिवस आरशात कान बघतेय," ब्रिन्ली नाक पुसत म्हणाली. "मला वाटलं कानाला काही झालंय."

व्हर्ल हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला ठसका लागला. मग त्यानं तिच्याकडे, म्हणजे तिच्या कानाकडे तोंड करून सांगितलं, आजीला यातलं काही कळू देऊ नकोस. ती बिचारी स्वतःच्या गुडघ्यानं हैराण आहे.

दोन न जुळणाऱ्या गोष्टी ब्रिन्लीच्या डोक्यात एकमेकींना येऊन चिकटल्या आणि त्या इतक्या घट्ट बसल्या की तिला त्या बोलल्यावाचून राहवेना.

"आजोबा, आजीची पट्टी मंगळवारी डाव्या पायाला होती. बुधवारी उजव्या."

"म्हणजे?"

"फ्रुटा गावच्या फळबागेत वाऱ्यानं तिची टोपी कुंपणापलीकडे गेली ना, तेव्हा तिनं आधी कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि कुंपणावरून उडी मारली. दोनदा. जाताना आणि येताना."

व्हर्लनं दोन्ही तळहात गरम खडकावर टेकले. दोन वसंत. दोन वसंत ती सगळ्यांच्या पुढे चालली. मुलं सुस्कारे टाकत होती ते ऐकत, त्यांची कीव झेलत, आणि ड्रुइड आर्च बघायला न मिळाल्याचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेत. आणि मागे आपण, भरवशाचा माणूस, तिच्या पाठीशी लपून. त्याला लाज वाटली. इतकी की कान तापले. आणि त्या लाजेच्या तळाशी बायकोबद्दल असं काही दाटून आलं की बावन्न वर्षांच्या संसारात त्याला त्यासाठी कधी शब्द लागला नव्हता आणि आत्ताही सुचला नाही.

"हात दे," तो नातीला म्हणाला. "मला त्यांच्यापर्यंत घेऊन चल."

एलिफंट कॅन्यनच्या कोरड्या ओढ्यात तिघं थांबली होती. कॉलीन घड्याळ बघत होती आणि भावाला ऐकवत होती की मागे काय चाललंय हे बघायला हवं होतं, तू तिसरा होतास. रुलन म्हणत होता, पुढचीनं मागे बघून चालायचं असतं. चार वर्षांनी झालेली युती दोन तासांत मोडायला आली होती. नेड्रा कोणाचंच ऐकत नव्हती. ती आल्या वाटेनं परत चढायला निघाली होती आणि खडकावर दोन्ही पायांनी झरझर चढली होती. पट्टी घोट्यापर्यंत घसरलेली, आणि पोरं तिच्याकडे आ वासून बघत होती. तेवढ्यात वरच्या वळणावर लाल सॅक दिसली. नेड्रा होती तिथंच खाली बसली.

दोघं उतरून आली. व्हर्लचा हात नातीच्या खांद्यावर होता. कॉलीनला वाटलं, पोर दमली म्हणून आजोबांनी धरलंय. पाणी पिऊन झालं, सगळे उठले, आपापल्या जागी उभे राहिले आणि मागून हाक यायची वाट बघू लागले.

हाक आली नाही. व्हर्ल शेवटच्या जागेवरून निघाला. ब्रिन्लीला ओलांडलं, रुलनला ओलांडलं. नव्वद वर्षांत कोणी कोणाला असं ओलांडलं नव्हतं. हाताच्या बोटांनी तो प्रत्येकाचा खांदा मोजत गेला आणि कॉलीनच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"बाबा, तुमची जागा मागे आहे," रुलन म्हणाला.

"सगळ्यात सावकाश चालतो तो पुढे. नियम माझ्या बापाचा आहे." त्याचा आवाज बसला होता. त्यानं घसा साफ केला. "मला उतरंडी दिसत नाहीत. दोन वर्षं झाली. तुमचे चेहरेही दिसत नाहीत."

कॉलीनच्या हातातली पाण्याची बाटली वाळूत पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही. तिला सकाळची न्याहारी आठवली, चाचपून ठेवलेली ताटली आठवली, आणि आपण या माणसाला घाईघाईनं त्या कड्यांवर न्यायला निघालो होतो हे तिला कळलं. मुख्याध्यापिका म्हणून तिच्याजवळ दर प्रसंगाला वाक्य असे. आत्ता तिनं फक्त वडिलांची बाही धरली. रुलन म्हणाला, मग परत जाऊ, मी गाडी जवळ आणतो, डेन्व्हरला एक चांगला डॉक्टर आहे. तो भराभर बोलत होता. घाबरला की तो लहानपणापासून असाच बोलतो.

व्हर्लनं त्याला बोलू दिलं. मग मान थोडी तिरकी केली आणि काठानं बायकोला शोधलं.

"नेड्रा, तू मागे जा. तुझे दोन्ही गुडघे चांगले आहेत."

नेड्राचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिनं ब्रिन्लीकडे पाहिलं. ब्रिन्ली बुटाकडे बघत होती. मग नेड्रा खाली वाकली, घोट्यावर लोंबणारी पट्टी सोडली, तिची नीट गुंडाळी केली आणि खिशात ठेवली.

"केव्हा कळलं?" तिनं विचारलं.

"आत्ता. तुला?"

"टपालपेटी पडली तेव्हा."

दोन वर्षं एकमेकांना सांभाळता सांभाळता दोघंही किती दमली होती, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं. नेड्रानं बाहीनं डोळे पुसले आणि मोकळं व्हायला तिला कोणीतरी हवं होतं म्हणून ती मुलाकडे वळली.

"आज सगळं बाहेर निघतंय तर, रुलन, तुझ्या सॅकमधला तो थर्मासही काढ. नऊ वर्षं वास घेतेय मी त्याचा. बाबांना दे घोटभर, त्यांचा घसा बसलाय."

रुलन कानापर्यंत लाल झाला. व्हर्लनं कॉफी काही घेतली नाही, इतकंही सगळं त्याला एका दिवशी सोडायचं नव्हतं. पण कॉलीनला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली, आणि भावानं तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिनं काढला नाही.

परत फिरायचं की पुढे जायचं, हे पुढच्यानं ठरवायचं असतं. व्हर्ल म्हणाला, कमान अजून दोन मैल आहे, माझ्या चालीनं तीन तास लागतील, शिडीला रुलन खालून धरेल. वर पोचलो तर पोचलो. मला ती मधोमध दिसणार नाही, पण काठानं दिसेल, आणि तिच्या काठाला भरपूर आकाश आहे. त्याच्यामागे ब्रिन्ली उभी राहिली. पुढची उतरंड कुठे, किती पावलांवर, हे तिनं सांगायचं होतं, आणि प्रयोग अजिबात करायचे नव्हते. तिच्यामागे कॉलीन, मग रुलन.

नेड्रा मागे गेली. या जागेवर ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. तिथून सगळ्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या. चार पाठी, त्यातली सगळ्यात पुढची थोडी वाकलेली. एकेचाळीस वर्षं हाच देखावा बघत तो आपल्यामागून चालला, आणि डोळे गेल्यावर समोरच्या लाल सॅकवर नजर ठेवून चालला, असं तिच्या मनात आलं. तिनं पाठी मोजल्या. चारच होत्या, तरी पुन्हा मोजल्या.

"सगळे आहेत," ती म्हणाली.

"मागचा माणूस कुजबुजत नाही," पुढून आवाज आला.

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली. ती समोरच्या भिंतीवर आपटून परत आली.

उत्तर यायला वेळ लागला. एवढी वर्षं त्यानं ते मागे उभं राहून ऐकलं होतं, स्वतः दिलं नव्हतं. कोणी वळून पाहिलं नाही, कोणी घाई केली नाही.

"बारा पावलं, जरा डावीकडे," ब्रिन्ली हळूच म्हणाली. "मोठी आहे, पाच दगडांची."

"मग चला," व्हर्ल म्हणाला, आणि चालू लागला.